मध्यम पल्ल्याची नेमबाजी : काडतूस निवडताना काय पाहावे?

पॅरिस ऑलिंपिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स या प्रकारात कांस्यपदक पटकावले. अंतिम फेरीत त्याच्या नावावर ४५१.४ गुण होते. खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी येथे मिळवलेल्या कुस्तीतील कांस्यपदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूने पटकावलेले हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरले. अशा यशानंतर रायफल नेमबाजीविषयी कुतूहल वाढते, आणि रायफल कोणती घ्यावी या प्रश्नापाठोपाठ काडतूस कोणते निवडावे हा प्रश्न उभा राहतो.

दिल्लीतील मयूर विहारसारख्या वसाहतीत राहणाऱ्या होतकरू नेमबाजाला या प्रश्नाचे उत्तर शोधताना दोन वेगळ्या जगांशी गाठ घालावी लागते. एक जग परदेशी नियतकालिकांतील तक्त्यांचे आहे. त्यात गोळीचा वेग, वजन आणि वाऱ्याने होणारे विचलन यांचे आकडे असतात. दुसरे जग भारतातील शस्त्र कायद्याचे, परवान्यावरील नोंदींचे आणि प्रत्यक्ष उपलब्ध असलेल्या रेंजचे आहे. पहिल्या जगात सर्वोत्तम ठरलेले काडतूस दुसऱ्या जगात अनेकदा निरुपयोगी ठरते. म्हणूनच निवडीचा क्रम समजून घेणे अगत्याचे आहे.

मध्यम पल्ला म्हणजे किती?

मध्यम पल्ल्याची सर्वमान्य व्याख्या नाही. अमेरिकेतील स्पर्धांत साधारणपणे ३०० ते ६०० यार्ड, म्हणजे सुमारे २७५ ते ५५० मीटर, हे अंतर मध्यम पल्ल्याचे मानले जाते. ब्रिटिश परंपरेत मात्र हेच अंतर कमी पल्ल्यात मोडते आणि लांबचा पल्ला ९०० यार्डांपासून सुरू होतो. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमावलीत रायफलींसाठी १०, ५० आणि ३०० मीटर ही अंतरे आहेत. ३०० मीटर रायफल हा प्रकार १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकनंतर ऑलिंपिकमधून वगळण्यात आला. जागतिक स्पर्धांत मात्र तो पुढेही खेळला जात राहिला.

दिल्लीकरांना या पल्ल्याची जवळून ओळख झाली ती २०१० च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांत. मयूर विहारच्या शेजारी, अक्षरधाम मंदिरालगत यमुनेच्या काठी या स्पर्धांचे क्रीडाग्राम उभारण्यात आले होते. नेमबाजीचे बहुतेक प्रकार तुघलकाबाद येथील डॉ. कर्णी सिंह रेंजवर झाले. मोठ्या बोअरच्या रायफलीची ‘क्वीन्स प्राइझ’ स्पर्धा मात्र गुडगावजवळ कादरपूर येथील केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या परिसरात घेण्यात आली. या स्पर्धेत नेमबाज ३०० यार्डांपासून १००० यार्डांपर्यंत वेगवेगळ्या अंतरांवरून लक्ष्यवेध करतात. तिचे मूळ १८६० साली इंग्लंडमधील विंबल्डन येथे सुरू झालेल्या स्पर्धेत आहे.

या परंपरेतील रायफली प्रामुख्याने ७.६२ मि.मी. वर्गातील असतात. मोठ्या स्पर्धांत आयोजकांनीच सर्वांना एकसारखी काडतुसे देण्याची प्रथा आहे. काडतुसाची निवड स्पर्धकाच्या हाती ठेवलीच नाही, तर उरते ती वारा ओळखण्याची आणि स्थिर राहण्याची कसोटी, हा त्यामागील विचार होय.

काडतुसाचे घटक

काडतुसाचे चार भाग असतात. पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी निर्माण करणारा ज्वालाग्राही पदार्थ, पुंगळीत भरलेली दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. चाप ओढला की ठिणगी पडते, दारू जळून वायू तयार होतो आणि त्याच्या दाबाने गोळी नळीतून बाहेर फेकली जाते. नळीच्या आतील पेचदार आट्यांमुळे गोळीला स्वतःभोवती फिरण्याची गती मिळते व ती हवेत स्थिर राहते.

लक्ष्यनेमबाजीत गोळीचा जोर गौण असतो. कागदावर किंवा इलेक्ट्रॉनिक लक्ष्यावर छिद्र पडणे पुरेसे असते. महत्त्व असते ते एका गोळीने दुसरीच्या मार्गाने जाण्याला. एकाच खोक्यातील काडतुसांच्या वेगात फरक पडला, तर दूरच्या लक्ष्यावर तो वर-खाली पसरलेल्या छिद्रांच्या रूपाने दिसतो.

वारा गोळीला कसा हलवतो?

काडतुसांची तुलना करताना बहुतेक चर्चा वाऱ्याभोवती फिरते. वेगवान गोळी वाऱ्यात कमी सरकते असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. बाजूने वाहणाऱ्या वाऱ्यामुळे गोळी किती सरकेल, हे तिच्या एकूण उड्डाणकाळावर नव्हे, तर हवेच्या विरोधामुळे तिला झालेल्या विलंबावर अवलंबून असते. हवाच नसती तर गोळी जितक्या वेळात लक्ष्यावर पोहोचली असती, त्याहून प्रत्यक्षात लागलेला जास्तीचा वेळ म्हणजे हा विलंब. या विलंबाला वाऱ्याच्या वेगाने गुणले की विचलन मिळते.

पॉइंट २२ लाँग रायफल या काडतुसाचे उदाहरण घेता येईल. त्याची गोळी सुमारे २.६ ग्रॅम वजनाची असते आणि स्पर्धेच्या दर्जाच्या काडतुसात ती सेकंदाला सुमारे ३२७ मीटर वेगाने नळीबाहेर पडते. ५० मीटर अंतर कापताना तिला होणारा विलंब सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजला तर सहाच्या आसपास भरतो. सेकंदाला एक मीटर वेगाची मंद झुळूक बाजूने आली, तर गोळी जवळजवळ सहा मिलिमीटर सरकते. ५० मीटरच्या लक्ष्यावरील दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा १०.४ मिलिमीटर असतो. झाडाचे पानही धड न हलवणारा वारा दहाचे नऊ करू शकतो, तो असा.

हेच काडतूस अधिक वेगाचे घेतले तर प्रश्न सुटतो का? उत्तर नकारार्थी आहे. हवेत ध्वनीचा वेग २० अंश सेल्सियस तापमानाला सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो. गोळीचा वेग या मर्यादेच्या आसपास असताना हवेचा विरोध एकाएकी वाढतो. साहजिकच विलंब वाढतो आणि विचलनही वाढते. शिवाय ध्वनीचा वेग ओलांडून पुन्हा खाली येताना गोळीची स्थिरता डळमळू शकते. म्हणून ५० मीटरच्या स्पर्धेसाठी बनवलेली काडतुसे मुद्दाम ध्वनीपेक्षा किंचित मंद ठेवलेली असतात. खोक्यावर ‘हाय व्हेलॉसिटी’ अशी ठळक अक्षरे असलेले काडतूस लक्ष्यनेमबाजाच्या कामाचे नसते.

यात दिल्लीच्या हवामानाचाही भाग आहे. ध्वनीचा वेग तापमानानुसार बदलतो. मे महिन्यात ४० अंश तापमानाला तो सेकंदाला सुमारे ३५५ मीटर असतो, तर जानेवारीच्या सकाळी पाच अंशांना सुमारे ३३४ मीटरपर्यंत उतरतो. म्हणजे हिवाळ्यात गोळी आणि ध्वनिमर्यादा यांतील अंतर फारच थोडे उरते. उन्हात तापलेल्या काडतुसातील दारूही अधिक वेगाने जळते. यासाठी अनुभवी नेमबाज काडतुसांचे खोके सावलीत ठेवतात.

मोठ्या पल्ल्याचे पर्याय

३०० मीटर आणि त्यापुढील अंतरासाठी पॉइंट २२ अपुरे पडते. तेथे निवडीचे खरे पर्याय सुरू होतात.

पॉइंट ३०८ विंचेस्टर हे काडतूस १९५२ साली बाजारात आले. त्याचेच जवळचे लष्करी रूप ७.६२ बाय ५१ मि.मी. या नावाने नाटो देशांनी स्वीकारले. त्याची सुमारे दहा ग्रॅमची गोळी सेकंदाला ८८० मीटरच्या आसपास वेगाने जाते. नळी काही हजार फैरी टिकते, काडतूस जगभर मिळते आणि त्याविषयीची माहितीही मुबलक आहे. मात्र धक्का जाणवण्याइतका असतो. साठ फैरींच्या स्पर्धेत तो खांद्याला आणि एकाग्रतेला थकवतो.

सहा मि.मी. बीआर नॉर्मा हे काडतूस ३०० मीटरच्या आंतरराष्ट्रीय प्रकारात विशेष लोकप्रिय आहे. त्याची गोळी सुमारे ६.८ ग्रॅमची, लांबट आणि निमुळती असते. ती हवेला कमी विरोध करते. गोळीचे वजन आणि वेग यांचा गुणाकार केला, तर तिचा संवेग पॉइंट ३०८ च्या तुलनेत जेमतेम दोनतृतीयांश भरतो. त्या प्रमाणात धक्काही कमी बसतो. हलकी गोळी आणि कमी धक्का असूनही वाऱ्यात ती पॉइंट ३०८ ला मागे टाकते, ती तिच्या आकारामुळे.

साडेसहा मि.मी. क्रीडमूर हे २००७ साली आलेले काडतूस या दोहोंच्या मधले आहे. त्याची सुमारे नऊ ग्रॅमची गोळी ६०० यार्डांच्या पुढेही वेग टिकवून धरते. दुसऱ्या टोकाला पॉइंट २२३ रेमिंग्टन आहे. त्याचा धक्का सर्वांत सौम्य असतो. जड गोळी आणि तिला साजेशी आट्यांची पेच असलेली नळी असेल, तर अमेरिकेत ते ६०० यार्डांच्या स्पर्धांतही वापरले जाते. जोराच्या वाऱ्यात मात्र ते मोठ्या काडतुसांपेक्षा कमी पडते.

केवळ कागदावर निवड करायची झाल्यास ३०० मीटरसाठी सहा मि.मी. बीआर आणि ६०० यार्डांसाठी साडेसहा मि.मी. क्रीडमूर असे उत्तर देता येईल. भारतात मात्र यापूर्वीच कायद्याचा उंबरठा लागतो.

कायद्याने आखलेली चौकट

शस्त्र कायदा, १९५९ अन्वये काही शस्त्रे व दारूगोळा निषिद्ध वर्गात मोडतात. लष्करी सेवेतील काडतूस ज्यात बसते व उडते अशी पॉइंट ३०३ किंवा ७.६२ मि.मी. बोअरची रायफल सामान्य नागरिकाला बाळगता येत नाही. ही कल्पना ब्रिटिश काळापासून चालत आलेली आहे. सैन्याची काडतुसे चोरीला गेली तरी ती खाजगी बंदुकीत वापरता येऊ नयेत, या हेतूने तेव्हाच्या सरकारने लष्करी बोअर नागरिकांना बंद केले होते. भारतात पॉइंट ३१५ रायफल रुजली, तिच्यामागेही हीच पार्श्वभूमी आहे.

पश्चिम बंगालमधील ईशापूरच्या रायफल कारखान्यात तयार होणारी पॉइंट ३१५ रायफल उत्तर भारतात पिकांच्या व जीविताच्या रक्षणासाठी मोठ्या प्रमाणावर घेतली गेली. तिची काडतुसे पुण्याजवळच्या खडकी येथील दारूगोळा कारखान्यात बनतात. १८६९ साली स्थापन झालेला हा कारखाना ऑक्टोबर २०२१ पासून पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीचा भाग आहे. पॉइंट ३१५ ची गोळी जड, मंद आणि गोल टोकाची असते. ती लक्ष्यनेमबाजीसाठी घडवलेलीच नाही. त्यामुळे सहज मिळते एवढ्याच कारणाने ती निवडणे हिताचे नसते.

पॉइंट ३०-०६ चे उदाहरण याहून बोलके आहे. या काडतुसाच्या गोळीचा व्यास ७.६२ मि.मी. वर्गातीलच असतो. परंतु त्याची पुंगळी ६३ मि.मी. लांब असते, तर लष्करी काडतुसाची ५१ मि.मी. त्यामुळे ते निषिद्ध वर्गात धरले जात नाही, आणि ईशापूरने या बोअरची रायफल नागरिकांसाठी बनवलीही आहे. सारख्याच जाडीच्या गोळ्या फेकणाऱ्या दोन काडतुसांपैकी एक परवान्यावर मिळू शकते आणि दुसरे मिळू शकत नाही. म्हणून बोअरच्या आकड्यावरून अंदाज न बांधता परवाना अधिकाऱ्याकडून लेखी खुलासा घेणे श्रेयस्कर ठरते.

क्रीडापटूंसाठी कायद्यात सवलती आहेत. केंद्रीय गृह मंत्रालयाने १२ फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेने त्या वाढवल्या. आंतरराष्ट्रीय पदकविजेते व नामांकित नेमबाज यांना सवलतीच्या वर्गात पूर्वी जास्तीत जास्त सात शस्त्रे ठेवता येत. ही मर्यादा बारापर्यंत वाढवण्यात आली. कनिष्ठ व होतकरू नेमबाजांसाठी ती एकवरून दोन झाली. सरावासाठी खरेदी करता येणाऱ्या काडतुसांची वार्षिक मर्यादाही वाढवण्यात आली. मात्र या सवलती नेमबाजाने गाठलेल्या दर्जाशी बांधलेल्या आहेत. नवख्याला त्या आपोआप मिळत नाहीत.

परदेशात अनेक नेमबाज स्वतःची काडतुसे घरी भरून आपल्या रायफलीला जुळवून घेतात. भारतात परवान्याविना दारूगोळा तयार करणे हा गुन्हा आहे. त्यामुळे परदेशी लेखांतील बराचसा सल्ला येथे गैरलागू ठरतो.

रेंज नसेल तर काडतूस कशाला?

कायद्याइतकाच निर्णायक प्रश्न जागेचा आहे. पॉइंट २२ ची छोटी गोळीही अडवली नाही तर दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. पॉइंट ३०८ ची गोळी त्याच्या दुपटीहून अधिक अंतर कापते. म्हणून मोठ्या बोअरच्या रेंजमागे उंच बांध आणि विस्तीर्ण मोकळी जमीन लागते. दाट वस्तीच्या राजधानीत अशी जागा नागरी क्लबांच्या आवाक्याबाहेरची असते. अशा रेंज प्रामुख्याने सेना व निमलष्करी दलांच्या ताब्यात आहेत. मध्य प्रदेशातील महू येथील सेनेचे निशानेबाजी केंद्र हे त्याचे ठळक उदाहरण.

मयूर विहारमधील नेमबाजाला यमुना ओलांडून गाठता येण्याजोगी मोठी रेंज तुघलकाबादची. १९८२ च्या आशियाई क्रीडा स्पर्धांसाठी ती बांधण्यात आली आणि २०१० च्या स्पर्धांपूर्वी तिचे नूतनीकरण झाले. तेथे रायफलीसाठी १० व ५० मीटरची सोय आहे. रायफल घेऊनही ३०० मीटरवर महिन्यातून एकदाही सराव होणार नसेल, तर काडतुसाच्या गुणदोषांची चर्चा केवळ पुस्तकी राहते.

लहान काडतूस, मोठी कसोटी

पॉइंट २२ वर समाधान मानणे म्हणजे दुय्यम खेळ पत्करणे, असे मानण्याचे कारण नाही. ३०० मीटरच्या लक्ष्यावर दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १०० मिलिमीटर असतो. ५० मीटरचे १०.४ मिलिमीटरचे वर्तुळ त्याच प्रमाणात सहापट दूर नेले, तर ते ६२.४ मिलिमीटरचे भरेल. म्हणजे नेमबाजाच्या डोळ्याला ५० मीटरवरील दहाचे वर्तुळ ३०० मीटरवरील वर्तुळापेक्षा लहान दिसते. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिक येथे ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात जागतिक विजेतेपद मिळवले, ते याच काडतुसावर. हे काडतूस १८८७ पासून वापरात आहे.

येथे निवड काडतुसाच्या प्रकाराची न राहता त्याच्या उत्पादनसंचाची होते. एकाच कंपनीचे, एकाच नावाचे काडतूस वेगवेगळ्या संचांत किंचित वेगळे वागते, आणि प्रत्येक रायफलीच्या नळीला एखादाच संच मानवतो. त्यासाठी रायफल पकडीत घट्ट बसवून ५० मीटरवर प्रत्येक संचाच्या दहा-दहा फैरी झाडतात. ज्या संचाची छिद्रे सर्वांत जवळ पडतात तो निवडून शक्य तितका साठा एकदम घेतात. ब्रिटनमधील एली आणि जर्मनीतील आरडब्ल्यूएस यांसारख्या उत्पादकांकडे अशा चाचणीची खास सोय आहे. आघाडीचे नेमबाज आपली रायफल घेऊन तेथे जातात.

सर्वांना ते शक्य नसते. तथापि क्लबमध्ये उपलब्ध असलेले दोन-तीन संच टेकूवरून झाडून पाहणे, निकाल वहीत नोंदवणे आणि संच क्रमांक लिहून ठेवणे कोणालाही जमते. सराव व स्पर्धा यांसाठी दोन दर्जांची काडतुसे ठेवणेही रूढ आहे. आठवड्यातून चार दिवस, दररोज शंभर फैरी असा सराव धरला, तर वर्षाला वीस हजारांवर काडतुसे लागतात. या हिशेबात दर काडतुसामागील काही रुपयांचा फरक कुटुंबाच्या अंदाजपत्रकावर थेट परिणाम करतो. काडतूस फार महाग पडले की सराव घटतो, आणि घटलेल्या सरावाची भरपाई कोणतेही काडतूस करू शकत नाही.

निवडीचा क्रम

या साऱ्यातून निवडीचा क्रम स्पष्ट होतो. प्रथम स्पर्धाप्रकार ठरवावा आणि त्याचे नियम पाहावेत. ५० मीटरला ५.६ मि.मी. वर्गाचे पॉइंट २२ हेच काडतूस चालते, तर ३०० मीटरला आठ मि.मी. पर्यंतचे बोअर चालते. नंतर ते बोअर आपल्या परवान्यावर मिळू शकते का, याची खात्री करावी. तिसरी पायरी सरावाच्या रेंजची. चौथी, काडतुसांच्या नियमित पुरवठ्याची व खर्चाची. वेग, वजन आणि वाऱ्यातील विचलन यांचे तक्ते या चार पायऱ्यांनंतर उघडावेत.

हा क्रम उलटा झाला की नुकसान ठरलेले असते. तक्ता पाहून रायफल पसंत केली, अर्ज व फेऱ्यांत वर्ष गेले, आणि अखेर बोअर निषिद्ध असल्याचे किंवा काडतुसे आयातीवाचून मिळत नसल्याचे कळले, तर वेळ व पैसा तर जातोच, शिवाय उमेदीच्या वयातील सरावाची वर्षे हातची जातात. नव्याने येणाऱ्यांनी १० मीटर एअर रायफलपासून सुरुवात करावी, असा प्रशिक्षकांचा सर्वसाधारण सल्ला असतो. पॉइंट १७७ बोअरच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअर रायफलीला शस्त्र परवाना लागत नाही. तेथे श्वास, पकड आणि चापावरील बोट यांची शिस्त लागली, की पॉइंट २२ कडे वळता येते. मोठ्या काडतुसाचा विचार त्यानंतरचा, आणि तोही रेंजची सोय असलेल्यांनीच करावयाचा.